झुंबरबाईची न रंगवलेली भिंत

चोपडा
२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

अक्का,

तुला लिहायचं म्हणून मी दसऱ्याआधीच एक एरोग्राम घेतला होता. तो खिशात घालून इतका फिरलो की शेवटी शर्टाबरोबर धुतला गेला. दुसरा घेतला, त्यावर "प्रिय अक्का" एवढं लिहून झालं आणि मग पंधरा दिवस पुढचा शब्दच सुचेना. हा तिसरा. टाळत होतो, हे खरं आहे. का टाळत होतो ते खाली सांगतो, जागा उरली तर.

तुझं पत्र गुरुवारी आलं. आबांनी पाकीट हातात धरून बराच वेळ तिकिटावरचा पक्षी बघितला. मग कात्रीने तिकीट कापून पंचांगात ठेवलं. "कुणासाठी?" मी विचारलं. म्हणाले, "राहू दे, रंग चांगला शे." तुझं नाव काढलं नाही. तीन वर्षं झाली, घरात तू म्हणजे 'ती'. पण 'तिचं' पत्र आठ दिवस उशिरा आलं की पोस्टमनला दारात उभं करून त्याची उलटतपासणी होते.

जीवराम नाना बांधावर भेटले. ज्यांनी स्वतःचं शेत प्रयोगाला दिलं त्यांनाच प्रयोग काय ते ठाऊक नाही. म्हणाले, "पंडित, तुझी बहीण फिलिपिन्सला जाऊन केळीच शिकते ना? मग आपल्या चोपड्याच्या केळीनं काय घोडं मारलं होतं?" मी बांधावर बसूनच समजावलं. म्हटलं, नाना, गरीब देशांमधल्या बाई शास्त्रज्ञांना हात देणारी एक संस्था आहे. तिने एवढ्या देशांतून बाया निवडल्या, त्यात आपल्या जिल्ह्याची एकटी आमची अक्का. पानावर पिवळे पट्टे मारणारा आपला हरण्या रोग आहे ना, त्याचा विषाणू ओळखायला ती तिकडे शिकते. आणि इथं तुमच्या शेतात दोन तुकडे आहेत. एका तुकड्यातलं आजारी झाड दर शुक्रवारी मुळासकट काढायचं आणि बांधावरचे काकडी-डांगराचे वेल, ज्यांत तोच विषाणू दडून राहतो, साफ ठेवायचे. दुसऱ्यात सगळे करतात तसं, म्हणजे काहीच करायचं नाही. दर शुक्रवारी झाडन् झाड बघून वहीत लिहायचं. फेब्रुवारीत संस्थेची समिती ते आकडे बघणार. पटले तर अक्काला आणखी तीन वर्षं मदत आणि जळगावात मेहरूणला दोन खोल्यांची प्रयोगशाळा. कुणीही शेतकरी पान घेऊन गेला की आठ दिवसांत कळेल, रोग आहे की नुसता उन्हाचा चटका.

नानांनी विचारलं, "आणि नाही पटले तर?"

मी म्हटलं, पटतील.

तू लिहिलंस की माझे सप्टेंबर-ऑक्टोबरचे कागद तुला तिथं शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना दाखवले. इतके नीट कागद शेतातून येत नाहीत म्हणाल्या. ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं. शाई तीन रंगांची का, असं तू विचारलंस. पेनं इथं सारखी संपतात अक्का. आणि चहाचे डाग पडले त्याबद्दल माफ कर.

गावात नवीन फक्त एक. झुंबरबाईने दिवाळीला मागच्या खोलीची भिंत रंगवू दिली नाही. तुझी झुंबरबाई, जिच्या हाताखाली आपल्या प्रयोगाची निंदणी चालते ती. सगळं घर पांढरंशुभ्र आणि एक भिंत जुनीच, मातीची. सून चुन्याची बादली घेऊन गेली तर म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली, दिवसभर उठलीच नाही. गल्लीतल्या बाया दारात येऊन म्हणाल्या, "अवं, काळा घरमा लक्ष्मी येस का?" तर म्हणे, "लक्ष्मी काय भित देखीसन येस का?" सून भिकुबाई ओली बाळंतीण, ती रडायला लागली. लक्ष्मीपूजनाला त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीत पूजा उरकली. म्हातारपणी माणूस कशावर अडून बसेल सांगता येत नाही.

जागा संपली बघ. राहिलेलं पुढच्या पत्रात.

तुझा,
पंडित


२८ नोव्हेंबर

अक्का,

मागचं पत्र तुला पोचलंही नसेल आणि हे दुसरं. तू म्हणशील याला झालंय काय.

शुक्रवारी मी वही घेऊन शेतात गेलो. झुंबरबाई ओळीतून चालत होती. मी विचारलं, "काकू, भिंतीचं काय प्रकरण आहे? गल्लीभर तुझंच नाव." ती थांबली. गळ्यातलं भिंग पदराने पुसलं. आणि म्हणाली, "इतला दिवसमा आज इचारं का तू?"

त्या भिंगावरून आठवलं. तू ते काळ्या गोफात ओवून गळ्यात घालायचीस तेव्हा आबा वरणगावच्या फॅक्टरीतल्या त्या मुलाचं स्थळ घेऊन फिरत होते, आणि निंदणीच्या बाया म्हणायच्या, "बेबीनं काचेचं मंगळसूत्र घातलं, आता कशाला नवरा." तू एप्रिलच्या उन्हात डोक्यावर ओलं फडकं टाकून केळीच्या पानामागचा मावा तासन्‌तास बघत बसायचीस. एवढे एवढे किडे, एका पानावरून उडून दुसऱ्यावर रोग नेतात, हे तू सगळ्यात आधी या बायांना दाखवलंस, शेतकऱ्यांना नंतर. एकेकीला बसवून भिंग डोळ्याला लावायला शिकवलंस. "अगं माय, ह्याला पाय शेत!" म्हणून झुंबरबाई किंचाळली होती, आठवतं? विमानाला निघालीस तेव्हा वही मला दिलीस, भिंग तिला. मला तेव्हा जरा रागच आला होता. शिकलेला मी. दहावी नापास असलो तरी शिकलेला.

असो. भरकटलो.

तिने मला घरी नेलं. मागच्या खोलीत अंधार, तिने कौल सरकवलं. अक्का, ती भिंत म्हणजे आपलं शेत आहे.

रांगोळीचे ठिपके काढतात ना, बारा आडवे, दहा उभे, तसे चुन्याचे ठिपके. तंबाखूच्या डबीतला चुना, बोटाने लावलेला. एक ठिपका म्हणजे एक झाड. शेजारी दुसरा चौक, तो दुसरा तुकडा. झाड आजारी दिसलं की त्या ठिपक्यावर काजळाचं बोट. उपटलं की तो ठिपका खिळ्याने खरवडलेला, तिथं नुसता खड्डा. अशा चौकांच्या जोड्या एकाखाली एक. मी आधी उलटंच वाचलं, कारण मी बांधाच्या बाजूने मोजतो आणि ती सातपुड्याकडे पाठ करून उभी राहते. तिने माझे खांदे धरून मला फिरवलं तेव्हा जमलं.

मी विचारलं, "हे केव्हा केलंस?"

"तू उना नही ना. मंग मीच टिपका लावात. माले लिखता येत नही, पन देखता येस."

मी दोन-तीन शुक्रवार नव्हतो, अक्का. ते तुला सांगायचं राहिलं होतं. दोंडाईचाकडे जरा जावं लागलं. बोअर मारायचं मशीन आलं होतं तमिळनाडूहून. ते लोक जमिनीला कान लावून पाणी सांगतात. म्हणजे तसं नाही, पण त्यांचा ड्रायव्हर नुसत्या दगडाच्या भुकटीचा रंग बघून सांगतो की अजून किती फूट. गमतीचा माणूस. लुंगी वर बांधून सकाळी सकाळी गाडीच्या इंजिनालाच फूल वाहतो. तर त्यात थोडे दिवस गेले.

चुना घेऊन गेली तेव्हा झुंबरबाई काय म्हणाली ते मला भिकुबाईनेच सांगितलं. ती आता रागावलेली नाही. हसत सांगत होती. "सासू म्हने, हात लावजो नको, बेबीनी वही शे ती."

पंडित


२ डिसेंबर, गुरुवार

अक्का,

मागच्या पत्रात दोन-तीन शुक्रवार लिहिलं. सहा.

चोवीस सप्टेंबर ते एकोणतीस ऑक्टोबर, सगळे. एकही दिवस मी शेतात नव्हतो. बोअरच्या गाडीबरोबर दोंडाईचा, शिंदखेडा, साक्री, मग धुळ्याच्या पलीकडे. दोन दिवसांसाठी निघालो होतो. माझं असंच होतं ते तुला ठाऊक आहे. एका गावात पाणी लागलं की लोक नारळ फोडतात, गाडीवाल्यांना जेवण घालतात. मला वाटायचं, पुढच्या गावचं पाणी बघून परत फिरू.

कोजागिरीला धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा एकदम आठवलं की तुला कागद पाठवायचे आहेत. कँटीनमध्ये बसलो. तीन पेनं विकत घेतली, निळं, काळं, हिरवं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. चहाचे थेंब मीच पाडले, कागद शेतात फिरल्यासारखे वाटावेत म्हणून. साफ ठेवलेल्या तुकड्यात सहा आठवड्यांत चार झाडं आजारी दाखवली, दुसऱ्यात अडतीस. तुझं म्हणणं खरं ठरावं असेच आकडे टाकले. मला वाटलं, तुझं चांगलंच करतोय. दोन तासांत सहा शुक्रवार आधी वहीत आणि मग तसेच, डागांसकट, तुझ्या कागदांवर लिहून झाले आणि कागद पेटीत टाकून मी भजी खाल्ली.

तेच कागद आता तुझ्या समितीपुढे आहेत. तुझ्या नावानं.

हे मी याही वेळी लिहिलं नसतं. खोटं कशाला बोलू. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी मी ओट्यावर बसून भिंतीवरून उतरवलेले आकडे आणि माझे आकडे शेजारी शेजारी मांडत होतो. आबा तंबाखू मळत मागे उभे आहेत हे मला कळलंच नाही. त्यांनी विचारलं, "हे दोन कागद काब्र?" आबांशी मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी सहसा बोलतच नाही. या वेळी बोललो. सगळं सांगितलं.

तुला वाटेल मारलं असेल. नाही. त्यांना ते आठवत होतं, मला कळत होतं. नव्वद साली ते धुळ्याला लग्नाला गेले होते आणि तू त्यांना न विचारता आपल्या मळ्यातली ऐंशी झाडं उपटलीस. वरून हिरवीगार दिसणारी, घड धरायला आलेली झाडं. ते परत आले तर बांधावर ढीग. पोरीने बापाच्या मळ्यावर कुऱ्हाड चालवली म्हणून सगळं गाव बघायला आलं. त्या दिवसापासून तू 'ती' झालीस. पुढच्या वर्षी शेजारच्या सगळ्या मळ्यांवर हरण्या पडला आणि आपला तेवढा कोपरा वाचला, हे त्यांनी पाहिलं होतं. बोलले कधीच नाहीत.

मंगळवारी बोलले. तंबाखू टाकून दिली आणि म्हणाले, "मना झाडं तिनी खोटा आकडासवर नही उपटात. लिखी दे तिले. बठ्ठं."

म्हणून लिहितोय, सगळं.

आता भिंतीचं. बुधवारी मी आणि झुंबरबाई पुन्हा शेतात उभे राहिलो. भिंतीवर जिथं जिथं खिळ्याने खरवडलंय, तिथं तिथं शेतात खड्डा आहे. एकही चुकला नाही. साफ तुकड्यात अकरा झाडं गेली, माझी चार नव्हेत. दुसऱ्या तुकड्यात आजारी एकेचाळीस. म्हणजे माझ्या आकड्यांत तू जास्त जिंकत होतीस. पण अक्का, भिंतीवर एक गोष्ट दिसते जी माझ्या कागदात कुठेच नाही. त्या अकरांतली नऊ एकाच कडेला आहेत, पूर्वेच्या. पलीकडे मोतीलालचं डांगर आहे ना, तिकडून. पहिल्या शुक्रवारी कडेचे दोन ठिपके काळे, मग त्यांच्या आतले, मग आणखी आतले. रोग कुठून चालत आला ते भिंतीवर पावलं उमटल्यासारखं दिसतं. तू सांगायचीस की वेल बांधाच्या अलीकडचे काढून भागणार नाही, पलीकडचेही बघायला हवेत. मला चार आकडा सुचला. कुठली चार, हे सुचलं नाही. खोट्याला जागा नसते बहुतेक, नुसता आकडा असतो.

आणि आणखी एक. भिंतीवर चौकांच्या जोड्या पाचच आहेत. चौथ्या आणि शेवटच्या जोडीच्या मध्ये एका जोडीएवढी जागा रिकामी सोडलेली. मी विचारलं, "काकू, इथं ठिपके पुसले गेले का?"

"पुसाई नही गयात. त्या शुक्रवारी भिकू बाळंत व्हयनी, मी दवाखानामा व्हती. मी वावरमा गईच नही. मंग टिपका काब्र लावू?"

मी म्हटलं, "आधीच्या शुक्रवारी होतं तेच पुन्हा काढलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

तिला प्रश्नच समजला नाही, अक्का. मी दोनदा विचारला तरी समजला नाही.

मी सहा लिहिले. तिने एक सोडला.

सोबत भिंतीवरून उतरवलेले दहा चौक पाठवतो. रिकामी जागा रिकामीच ठेवली आहे. तू काय करायचं ते कर. मी गेलो होतो, हे समितीला सांग. माझं नाव सांग. दहावी नापास म्हणून सांग हवं तर.

पंडित


७ जानेवारी १९९४, शुक्रवार

अक्का,

आधी तुझी तार आली, मग पत्र. तारेत एवढंच होतं: "भिंतीला हात लावू देऊ नका." तारमास्तरने ती दोनदा तपासून घेतली म्हणे, कुठल्या भिंतीवरून परदेशातून तार येते. झुंबरबाईला वाचून दाखवली तर तिने कागद घडी करून भिंतीच्या कोनाड्यात ठेवला, देवाशेजारी.

पत्र मी शेतात एकटा बसून वाचलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. तू लिहिलंस, त्याच दिवशी समितीला कळवलं की ते सहा आठवड्यांचे आकडे खोटे आहेत, ते काढून टाका, आणि जबाबदारी माझी. माझी म्हणजे तुझी. माझं नाव कुठेच नाही. "वही कुणाकडे द्यायची हे मी ठरवलं होतं, म्हणून चूक माझी," हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की आता पाठ झालंय. तू मला एक शब्द वाईट बोलली नाहीस आणि मला आठ दिवस झोप नाही.

तुझ्यासोबत निवडलेल्या त्या दोघी, श्रीलंकेची आणि ती दुसरी, त्या तुझ्या बाजूने उभ्या राहिल्या हे वाचून मात्र बरं वाटलं. आपापल्या देशात त्यांचंही असंच चालत असेल, एकेकटीचं. एकीच्या प्रयोगाला वीज नाही, एकीच्या प्रयोगाला भाऊ मी.

तरीही सगळं थांबलंय, हे मला समजलं. फेब्रुवारीच्या यादीतून तुझं नाव बाजूला ठेवलं आहे. मातीच्या भिंतीवरचे ठिपके हा पुरावा धरायचा की नाही ते तुमच्या समितीतल्या त्या युगांडाच्या बाई ठरवणार. डॉक्टर नामुकासा, जिच्या लाल पेन्सिलीला तुम्ही सगळ्या घाबरता. तिने तुला एका ओळीचं उत्तर दिलं, "मी विचार करीन." तू लिहिलंस, तिचा विचार म्हणजे बहुधा नकारच असतो. मेहरूणच्या खोल्यांच्या मालकाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो विचारतो, केव्हा येताय? मी म्हणतो, मंजुरीचा कागद आला की.

इकडे आता असं आहे. दर शुक्रवारी झुंबरबाई पुढे, मी मागे. ती भिंगातून बघून सांगते, "चांगलं, चांगलं, काळं, चांगलं," आणि मी लिहितो. एकाच पेनाने. घरी जाऊन ती भिंतीवरही लावते, शेजारच्या भिंतीवर, कारण पहिली भरली. वही आणि भिंत जुळली नाही तर आम्ही दोघं परत शेतात येतो. एकदाच जुळली नाही. चूक माझी होती. भिकुबाई म्हणते, पुढच्या दिवाळीला मी चुना कुठं लावू, अंगणात?

मोतीलालचं डांगर काढायला कुणी सांगायचं हा प्रश्न होता. तो माझं ऐकणार नव्हता. आबा गेले होते म्हणे. मला मोतीलालनेच सांगितलं. "तुझा बाप आला, म्हणाला वेल काढ. मी म्हटलं, का? तर म्हणाला, भिंत देखी ये." आबा भिंत बघायला केव्हा गेले होते, मला माहीत नाही. झुंबरबाईला विचारलं तर तिने मान फिरवली.

आजची नोंद झालीय. झुंबरबाई मघाशीच घरी गेली. मी बांधावर बसून हे लिहितोय. शिरपूर रस्त्याने आज एक बोअरची गाडी गेली, मी उठून बघितली आणि परत बसलो. हे तुला मुद्दाम सांगतोय.

भिकुबाई पळत येतेय, कडेवर पोर. काहीतरी ओरडतेय.

अक्का, आता झुंबरबाईच्या ओट्यावरून लिहितोय, अक्षर समजून घे.

कुणीतरी बाई आल्यात. उंच, काळ्याभोर, डोक्याला पिवळं-जांभळं कापड घट्ट बांधलेलं, पायात धुळीने भरलेले बूट. गल्ली सगळी दारात आहे. त्यांच्या मागे आबा. बाईंची बॅग आबांच्या खांद्यावर. आबा, जे झुंबरबाईच्या दारावरून जातानाही मान खाली घालून जायचे, ते बॅग खाली ठेवून चपला काढताहेत.

मी विचारलं, "आबा, ह्या कोण?"

"स्टँडवर उतरनी. हातमा कागद, त्यावर 'तिनं' नाव. जो तो वाचे आनि मनाकडे बोट दाखाडे. मी तरी कितला येळ बठी ऱ्हाऊ? मंग उठनू."

"काय म्हणालात तुम्ही तिला?"

"काय म्हननार? तिनी भाषा माले कोठे येस? छातीवर हात ठेवा, म्हनलं, बेबी. मनी पोर."

तीन वर्षांनी, अक्का. एसटी स्टँडवर, सगळ्या चोपड्यासमोर.

बाईंनी मला हात पुढे केला आणि नाव सांगितलं. नामुकासा. हैदराबादला कसलीशी सभा होती, तिथून रात्रभर रेल्वेने जळगाव, मग एसटी. तुलाही कळवलेलं नाही म्हणाल्या, किंवा तसं म्हणाल्या असाव्यात. चहा नको म्हणाल्या. आधी पान बघितलं. ओट्याजवळ झुंबरबाईचं एक परसातलं केळीचं झाड आहे, त्याचं पान उलटं केलं आणि सदऱ्यातून गोफ ओढला. गोफाला भिंग. झुंबरबाईने ते बघितलं आणि पदराखालून आपलं काढलं. दोघी एकमेकींच्या गळ्याकडे बघून जे हसल्या, ते तू ऐकायला हवं होतंस. "हाई बी भिंगवालीच शे!" असं ती गल्लीला ओरडून सांगतेय.

त्यांनी माझ्याकडे वही मागितली. मी दिली. ती सहा पानं फाडली नव्हती, त्यावर आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. त्यांनी ती एकेक करून बघितली, तिन्ही रंग बघितले, चहाचे डागही. वही मिटली आणि दोघी आत गेल्या.

आतून कौल सरकवल्याचा आवाज आला. आबा उंबऱ्याच्या आत उभे आहेत.

झुंबरबाई हाक मारतेय. "पंडित, ये रे! बाई मोकळी जागावर बोट ठेईसन उभी शे. कवाची इचारी ऱ्हायनी. मी सांगस ते तिले समजत नही. तूच सांग."

जातो. रिकाम्या चौकाचं मलाच सांगायला हवं. मी घाबरलोय, पण जातो. नो गो, नो ठिपका. एवढं इंग्रजी मला येतं.

पंडित